पोटाने ऐकणारा राजा

त्या राज्यात राजाला ऐकू येत नसे आणि प्रजेला दिसत नसे. बाकी सगळं बरं चाललं होतं.

राजा म्हणजे एक रेडा. नाव दांडगोबा. कान त्याला होते, चांगले सुपाएवढे होते, पण ते माशा हाकलण्याच्या कामी लागलेले असल्यामुळे ऐकण्याचं काम मागे पडलं होतं. तळ्याच्या बांधापासून जरा अंतरावर, उंचवट्याला, एक प्रशस्त चिखल होता. तेच सिंहासन. राज्याभिषेकही तिथेच झाला, कारण दांडगोबाला बाहेर काढून, खरवडून, कोरडा करून मग अभिषेक करावा एवढा दम कुणात नव्हता. अंगाने मात्र तो अफाट. आडवं पडलेलं झाड सरकवायचं असो की ढासळलेला काठ दाबून बसवायचा असो, राज्यात ते एकट्या त्याच्याच खांद्याला जमे. म्हणून तो राजा. अक्कल पाहून राजा करण्याची पद्धत त्या राज्यात नव्हती. ती कुठे आहे याची चौकशी अजून चालू आहे.

प्रजा म्हणजे मेंढरं, शेळ्या, गाढवं आणि ससे. त्यांना डोळे होते आणि ते टपोरे होते. पण सकाळी एकदा मान खाली गेली की ती दिवस मावळेपर्यंत वर येत नसे. नाकापुढचं गवत संपलं की जग संपलं. आपल्यापुढचं गवत शेजाऱ्यापुढच्या गवतापेक्षा कमी आहे, एवढं मात्र त्यांना त्याही अवस्थेत बिनचूक दिसे.

हे सगळं कुरण तळ्याच्या खालच्या अंगाला, बांधाच्या सावलीत होतं. तळ्यात पाणी होतं म्हणून खाली गवत होतं, आणि बांध होता म्हणून तळ्यात पाणी होतं. बांध कुणी घातला ते कुणाला ठाऊक नव्हतं. आपण घातला नाही, एवढं सगळ्यांना नक्की ठाऊक होतं.

दिसायचं ते एका टिटवीला. तिचं नाव कोंडाबाई. लांब पाय, तांबडी चोच, आणि आवाज असा, की पलीकडे गवत चांगलं उगवलंय हे सांगितलं तरी ऐकणाऱ्याला कुणीतरी वारल्यासारखं वाटावं. ती दिवसभर राज्यावरून फिरे आणि सगळं पाही. पण अंगात मांस म्हणाल तर ओंजळभर. वाकलेलं गवताचं पातंसुद्धा तिच्या वजनाने खाली जात नसे. स्वतःबद्दलचं मत मात्र वजनदार होतं. आभाळ आपल्याच पायांवर तोललेलं आहे असा तिचा समज होता, आणि तो ती चारचौघांत बोलूनही दाखवी.

तर अशी सगळी मांडणी. जिला दिसे तिला वजन नव्हतं, ज्याला वजन होतं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि ज्यांच्याजवळ आवाज होता त्यांची मान खाली होती.

यातून वाट काढायला कुणा जुन्याजाणत्याने एक रीत पाडून ठेवली होती. दिवस कलला की सगळी प्रजा तळ्यावर पाण्याला येई. पाणी पिऊन झालं की कोंडाबाई बांधावर उभी राहून दिवसभरात पाहिलेलं सांगे. आणि तिचं सांगून झालं की, गोष्ट ऐकणारं माणूस हुंकार भरतं ना, तसा सगळ्यांनी मिळून हुंकार भरायचा. तोंड मिटून, बेंबीच्या देठापासून. हा हुंकार राजाच्या कानात जात नसे, पण जमिनीतून जाई. खुरांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून पोटात. मग राजाच्या पोटात मुंग्या येत. मुंग्या आल्या की झोप उडे. झोप उडाली की दांडगोबा चिखलातून उठे, टिटवी उडेल तिकडे तिच्या मागोमाग जाई, खांदा लावून काम उरकी, आणि साऱ्यांच्या आयाबहिणींची आठवण काढत परत येऊन बसे. काम झालं की प्रजा गप्प होई आणि राजाला झोप लागे. राज्यकारभार म्हणतात तो एवढाच.

दांडगोबाला प्रजेची कणव होती, असं कुणी समजू नये. त्याला स्वतःच्या झोपेची कणव होती. पण भगदाड कशानेही बुजलं तरी सारखंच बुजतं.

राजाच्या पाठीवर दरबार भरे. दरबारात बगळे. सगळे पांढरेशुभ्र, चिखलाच्या इतक्या जवळ राहून इतकं पांढरं कसं राहावं, ते बगळ्यांनाच ठाऊक. राजाच्या अंगावरच्या गोचिडी खाणं हे त्यांचं सरकारी काम, आणि ते काम ते फार मन लावून करत. त्यांची एकच अडचण होती. राजा उठला की पाठ हले, पाठ हलली की दरबाराला उडावं लागे, आणि घास चोचीतून पडे. बगळ्यांचा मुख्य होता धवलपंत. त्याच्या सख्ख्या काकाने मागे यावर एक उपाय करून पाहिला होता. त्याने टिटवीला बांधावर बसायला मनाई केली. त्यावर प्रजा इतकी चिडली आणि तिने असा काही हुंकार भरला, की राजा ताडकन उठला आणि पहिला पाय काकांवरच पडला. काकांना नंतर मातीतून उकरावं लागलं. धवलपंत त्या वेळी लहान होता, पण एका पायावर उभं राहून त्याने त्या गोष्टीवर पुष्कळ विचार केला.

त्याला असं दिसलं, की टिटवी ही अडचण नव्हेच. ती ओरडेना का हवी तेवढी. अडचण आहे तो हुंकार. आणि हुंकार बंद करायला गेलं की वाढतो. मग तो वाढूच द्यावा.

थोड्याच दिवसांत कुरणात दोन साळुंक्या आल्या. मंजुळा लिंबावर बसली आणि किंकिणी चिंचेवर. दोघींचे आवाज असे गोड, की ऐकताना गवत जास्त रुचकर लागे. दोघींनी सांगितलं की तळ्यापर्यंत तंगडतोड करत जायचं आणि त्या कर्कश बाईचं ऐकत उभं राहायचं, ही काय पद्धत झाली. आम्ही चरता चरता सांगू, मान वर करायचीसुद्धा गरज नाही. हे सगळ्यांना पटलं. मेंढरं आणि गाढवं लिंबाजवळ चरत, ती मंजुळाचं ऐकू लागली. शेळ्या आणि ससे चिंचेजवळ, ते किंकिणीचं.

मंजुळा सांगे की चिंचेखाली आज मेंढरांच्या लोकरीला कुणीतरी हसलं. किंकिणी सांगे की लिंबाखाली शेळ्यांच्या दाढ्यांवरून काय काय बोलणं झालं, ते सांगण्यासारखं नाही. आणि मग ते सांगे. मेंढरांनी आपली लोकर आजवर कधी निरखली नव्हती आणि शेळ्यांना आपल्याला दाढी आहे याचं विशेष काही वाटत नव्हतं. आता दोन्ही गोष्टी जिवापेक्षा मोठ्या झाल्या. लिंबाखालून हुंकार उठला की त्याला उत्तर म्हणून चिंचेखालून उठे. सकाळी सुरू होई तो संध्याकाळपर्यंत चाले, आणि रात्री झोपेतही त्याची घरघर चालू राही. गाढवांना तर तो इतका आवडला की काही गाढवं बातमीची वाटही पाहत नसत. शेवटी बातमी काय होती याची चौकशी करण्याचीच पद्धत बंद पडली.

रात्री दोघी साळुंक्या एकाच ढोलीत शेजारी शेजारी झोपत, आणि धवलपंताकडून आलेल्या गोचिडी अर्ध्या अर्ध्या वाटून खात. हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. वर बघायची सवय नव्हती, इतकंच.

राजाला सुरुवातीला या हुंकाराचा फार त्रास झाला. तो उठून कुरणात गेला. मेंढे आणि बोकड एकमेकांच्या शिंगांत शिंगं अडकवून उभे होते. कुठे खांदा लावावा असं काही दिसेना. तो परत येऊन बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. पुढे पुढे उठायचा कंटाळा आला. मग पोट बधिर झालं. आणि मग, ज्याची धवलपंत वाट पाहत होता ते झालं. दांडगोबाला ते आवडू लागलं. रात्रंदिवस खालून मंद थरथर, जसं काही सगळं राज्य मिळून पोट चोळून देतंय. असली झोप त्याला उभ्या आयुष्यात लागली नव्हती. बगळ्यांनी त्याच्या शिंगांत घरटी केली आणि त्यांत पिल्लंसुद्धा मोठी झाली.

याच दिवसांत कोंडाबाईने अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही; उघड्यावर खडे सारून थोडीशी खळगी करते आणि त्यात अंडी ठेवते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. ही खळगी होती बांधाच्या पायथ्याला, वाळूखड्यांच्या एका ढिगावर. इथे ऊन चांगलं लागतं, असा तिचा हिशेब. ती अंड्यांवर बसली तेव्हा खडे कोरडे होते. काही दिवसांनी तिच्या पोटाला गार लागू लागलं. तिने खडे सारून पाहिलं. खालून पाणी झिरपत होतं. स्वच्छ असतं तर तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नसतं. बांध थोडाफार पाझरतोच. हे पाणी गढूळ होतं. म्हणजे पाण्याबरोबर आतली माती चालली होती. घुशींनी बांध आतून पोखरला होता.

अंडी चोचीत धरून दुसरीकडे न्यावीत, हे टिटवीला जमत नाही. तिला एकच गोष्ट जमते. तिने बांधावर चढून ओरडायला सुरुवात केली.

संध्याकाळी पाण्याला आलेल्यांनी ते ऐकलंही. बांध पाझरतोय, राजाचा खांदा लागला पाहिजे, नाहीतर तळं खाली येईल. मंजुळाने लिंबावरून लगेच सांगितलं, की बांधावर चढून उड्या मारतात ती करडं कुणाची, हे लिंबाखालच्यांना सांगायला नको. किंकिणीने चिंचेवरून सांगितलं, की सगळ्यात जड पाय गाढवांचे असतात. आणि दोघींनी मिळून हेही सांगितलं, की कोंडाबाईंची अंडी तिथेच आहेत, तेव्हा त्या ओरडणारच. स्वतःच्या घरासाठी राजाला राबवायची ही जुनी खोड आहे. हे अगदीच खोटं नव्हतं. मागे एका गाढवाचा पाय तिच्या खळगीजवळ पडला होता, तेव्हा तिने सगळ्या राज्याला हुंकार भरायला लावून राजाला उठवलं होतं, आणि राजाने येऊन बघितलं तर काम काहीच नव्हतं. ते लोकांच्या लक्षात होतं. टिटवीमुळे वाचलेल्या गोष्टी कुणाच्या लक्षात नव्हत्या, कारण त्या वाचल्या होत्या.

हुंकार झाला, जोरदार झाला, पण तो बांधासाठी नव्हता. राजाने झोपेत कूस बदलली.

कोंडाबाई थेट राजाकडे गेली. त्याच्या डोक्यावर उभी राहिली आणि कानात तोंड घालून घसा फाटेपर्यंत ओरडली. दांडगोबाने ते माशीचं काम समजून कान हलवला. ती दूर जाऊन पडली. धवलपंत तिच्याशी फार अदबीने वागला. म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं. आता घरी जाऊन पडा जरा. घसा बसलाय तुमचा."

घरी जाऊन बसायचं म्हणजे ओल्या खड्यांवर बसायचं. ती बसली. पोटाखाली अंड्यांतून टकटक होऊ लागली होती.

अशातच भर दुपारी कुरणावरून ससाण्याची सावली गेली. सावली पडली की गप्प व्हायचं, हे मेंढरापासून सशापर्यंत सगळ्यांच्या रक्तातच होतं. लिंबाखाली, चिंचेखाली, साळुंक्यांसकट सगळं राज्य क्षणभर चिडीचूप झालं. आणि चिखलातून प्रचंड आवाज आला. दांडगोबा उभा होता. पाठीवरचे बगळे हवेत, शिंगांतली घरटी तिरकी, आणि तो डोळे फाडून इकडे तिकडे बघत होता. पोटाखालची थरथर गेली म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार, असं त्याला वाटलं होतं. एवढ्यात सावली पुढे सरकली. ससाणा कुणाच्या बाजूचा होता यावरून दोन्ही झाडांखाली पुन्हा सुरू झालं, आणि राजा जांभई देत खाली बसला.

कोंडाबाईने ते पाहिलं. पाहणं हाच तिचा धंदा होता. राजाला आता हुंकाराने जाग येणार नाही, हे तिला कळलं. त्याला जाग येईल ती सगळे गप्प बसले तरच.

ती आधी लिंबाखाली रावजी मेंढ्याकडे गेली. रावजी तिथला म्होरक्या. शिंगं वळलेली, बोलणं पोक्त, आणि खाणं अखंड. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ कुणी हूं की चूं करायचं नाही. राजा उठेल, बाकीचं मी बघते. रावजीने तोंडातला घास थांबवून ऐकलं, यावरूनच त्याला पटलंय हे दिसत होतं.

"जमीन ओली झालीय, हे माझ्याच खुरांना लागतंय की, कोंडाबाई," तो म्हणाला. "तुमचं खोटं नाही. पण आम्ही गप्प बसलो आणि ते चिंचेवाले नाही बसले, म्हणजे मग? राज्यात त्यांचाच आवाज उरला ना. घरी गेल्यावर मेंढी काय म्हणेल मला?"

टिटवीच्या पोटाला अजून खड्यांचा गारवा होता. "ते बसणार आहेत," ती म्हणाली. "ते आधीच कबूल झालेत."

"असं म्हणाले ते?"

"असं म्हणाले."

"बघा," रावजी म्हणाला, "इथेसुद्धा पहिला नंबर लावला त्यांनी. बरं, बसतो आम्ही."

तिथून ती चिंचेखाली गजराबाई शेळीकडे गेली. गजराबाई झाडाच्या खोडाला पुढचे पाय लावून पाला ओरबाडत होती. तिला लिंबावर भरवसा नव्हता, मेंढरांवर नव्हता, आणि खरं तर चिंचेवरही नव्हता. तिने एवढंच विचारलं की ते लोकरवाले काय म्हणतात. कोंडाबाईने तेच सांगितलं, की ते आधीच कबूल झालेत. गजराबाईने पाला चावत तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या करडांना सांगते. पण बया, यात काही काळंबेरं निघालं ना, तर तुझी पिसं आणि माझे दात."

आयुष्यात पहिल्यांदाच कोंडाबाईने न पाहिलेली बातमी दिली होती. एकच बातमी, दोन ठिकाणी. त्या दुपारी ढोलीत दोघी साळुंक्या एकमेकींची पिसं साफ करत होत्या, आणि इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं.

संध्याकाळी सगळे तळ्यावर आले. पाणी प्याले. आणि गप्प उभे राहिले.

बऱ्याच दिवसांनी त्या राज्यात पाण्याचा आवाज ऐकू आला. काठावर बेडूक डुबकन पडला, तो ऐकू आला. बांधाच्या पोटातून काहीतरी बारीक सुळसुळत होतं, तेही ज्यांना ऐकायचं होतं त्यांना ऐकू आलं. रावजीने मान वर केली होती. गजराबाईने केली होती. दोघं पहिल्यांदाच बांधाकडे बघत होती. तिकडे चिखलात राजाच्या पोटाची कातडी थरारली. त्याने एक डोळा उघडला. पुढचा एक पाय चिखलातून सोडवून घेतला. पाठीवर धवलपंत घामाघूम झाला. पांढऱ्याला घाम लपत नाही.

तेव्हा मंजुळा फार हळू, फार गोड बोलली. हुंकार भरा असं ती म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, की चिंचेवाले आधी कबूल झाले, असं तुम्हाला कुणी सांगितलं? आणि चिंचेवर किंकिणीने विचारलं, की लिंबवाले आधी कबूल झाले, असं तुम्हाला कुणी सांगितलं? दोन्ही प्रश्न सगळ्यांना ऐकू गेले, कारण शांतता होती.

रावजीने गजराबाईकडे पाहिलं. गजराबाईने रावजीकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून टिटवीकडे पाहिलं.

"बांध खरा आहे," कोंडाबाई म्हणाली. "मी खोटं बोलले, पण बांध खरा आहे. खडे उकरून बघा."

बघायला कुणीच गेलं नाही. मंजुळा म्हणाली की तुमचं तोंड बंद करायला निघालेली ही कोण. किंकिणी म्हणाली की आज तुमचा हुंकार काढून घेतला, उद्या गवत काढून घेतील. आणि मग जो हुंकार उठला, तसा त्या राज्यात कधी उठला नव्हता. मेंढरं, शेळ्या, गाढवं, ससे, सगळे एका सुरात. लिंबवाले आणि चिंचेवाले अंगाला अंग लावून उभे होते. इतकी एकी झालेली पाहून काही म्हाताऱ्या गाढवांच्या डोळ्यांत पाणी आलं. गजराबाईने कबूल केल्याप्रमाणे दातांचं काम केलं, आणि टिटवी पिसं गमावून कशीबशी बांधावर चढली. चिखलातून निघालेला राजाचा पाय पुन्हा चिखलात गेला. त्याच्या चेहऱ्यावर तान्ह्या पोरासारखं हसू होतं.

त्या हुंकाराने बांधाच्या पोटातली ओली माती थरथरून खाली बसली.

सकाळी उन्हं वर आल्यावर बांध एका अंगाने खचला. सगळा नाही, बैलगाडी जाईल एवढी वाट पडली, आणि तिच्यातून तळं कुरणात उतरलं. लिंब आडवा झाला, चिंच कलली. मेंढरं, शेळ्या आणि गाढवं कुरणाच्या कडेच्या टेकडीकडे धावली आणि धापा टाकत वर पोचली. सशांची बिळं सखल जागी होती. बिळांत गेलेलं पाणी बाहेर आलं; ससे आले नाहीत.

टेकडीवर कुणाच्या अंगात श्वास नव्हता. हुंकार भरायला तो लागतो.

पोटाखालची थरथर गेली आणि दांडगोबा उठला. या वेळी त्याने इकडे तिकडे पाहिलं नाही. समोरच कोंडाबाई फडफडत होती. तिने ओरडून वेळ घालवला नाही. ती बांधाकडे उडाली, मागे आली, पुन्हा बांधाकडे उडाली. राजाला ती जुनी खूण आठवली असावी. तो चिखलातून पूर्ण बाहेर आला, पाण्यात शिरला, आणि तिच्या मागोमाग निघाला. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं, पण त्याला ते काहीच नव्हतं. वाट अजून रुंद झाली नव्हती. दोन्ही बाजूंचा बांध उभा होता, वरचं अर्धं तळं अजून वरच होतं. एक खांदा आडवा लागला असता तर ते तिथेच राहिलं असतं. भगदाडाच्या कडेला वाळूखड्यांचा ढीग बेटासारखा उरला होता, आणि त्यावर एका अंड्याला चीर जाऊन आतून चोच बाहेर आली होती. कोंडाबाई त्यावरून गेली आणि पुन्हा राजापुढे आली. आता अंतर फार नव्हतं. राजाने खांदा खाली घेतला.

टेकडीवर तोवर श्वास परत आला होता.

रावजी मेंढा गजराबाईला म्हणाला की करडांना बांधावर उड्या मारू देऊ नका, असं आम्ही केव्हापासून सांगत होतो. गजराबाई म्हणाली की एवढी गाढवं बांधावरून चालवली नसती तर करडांचं काय वजन होतं. मागून कुणीतरी हूं केलं. त्याला पलीकडून कुणीतरी हूं केलं. साळुंक्यांना बसायला टेकडीवर झाडं नव्हती, म्हणून एक मेंढ्याच्या शिंगावर बसली आणि एक शेळीच्या, आणि दोघी म्हणाल्या की इथवर नीट ऐकू येत नाही, जरा जोरात.

टेकडीतून हुंकार उतरला, ओल्या जमिनीत शिरला, आणि ओल्या जमिनीतून तो जास्तच चांगला जातो. पाण्यात उभ्या असलेल्या राजाच्या खुरांपाशी आला. खुरांतून गुडघ्यांत.

दांडगोबा थांबला. त्याचे कान सैल झाले. पापण्या जड झाल्या. टिटवी त्याच्या डोळ्यांपुढे पंख आपटत होती. त्याने तिच्याकडे फार मायेने पाहिलं, झोप येणारा पाहतो तसं. मग त्याचे पुढचे गुडघे वाकले. मग मागचे. खाली नवाकोरा, गार, मऊ चिखल होता, कुरणभर पसरलेला. त्यात तो हळूहळू पोटापर्यंत बसला. धवलपंत वरून उतरला आणि कोरडी जागा पाहून पाठीवर उभा राहिला. पाणी राजाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे गेलं. त्याच्या शिंगांच्या टोकांपलीकडे, मघाशी वाळूखड्यांचा ढीग होता तिथे, एक टिटवी पाण्यावर एकाच जागी घिरट्या घालत होती, खाली उतरायला बघत होती, आणि पुन्हा वर जात होती.